वरण जरा घट्ट असू द्या

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

चार दिवस बाहेरगावी राहून माणूस घरी परतला, लग्नघरची पक्वान्नं खाऊन कंटाळला किंवा तापातून उठला, की त्याच्या तोंडून एकच वाक्य निघतं, ‘बाकी काही नको, नुसता गरम वरणभात कर.’ वर साजूक तुपाची धार आणि कडेला लिंबाची फोड. बाळाच्या उष्टावणापासून आजोबांच्या पथ्यापर्यंत आणि नैवेद्याच्या पानापासून इस्पितळात जाणाऱ्या डब्यापर्यंत हा पदार्थ आपली सोबत करतो. पण गंमत अशी, की इतक्या ओळखीच्या पदार्थाबद्दल दोन अगदी टोकाची मतं ऐकायला मिळतात. एक म्हणतो, वरणभात म्हणजे पूर्णान्न, त्यात सगळं आलं. दुसरा म्हणतो, भात म्हणजे निव्वळ साखर, आजपासून बंद करा!

मी पनवेलला बरीच वर्षं आहारसल्ल्याचं काम करते. ही दोन्ही मतं मला आठवड्यातून निदान चार वेळा ऐकावी लागतात. म्हणून आज आपण हा वरणभात जरा वजनकाट्यावर ठेवून बघू या. त्यात काय आहे, किती आहे, आणि काय नाही?

सुरुवात तांदळापासून करू. आमचा रायगड जिल्हा हा भाताचा मुलूख. शेजारी कर्जतला भात संशोधनाचं केंद्र आहे आणि तिथल्या वाणांना ‘कर्जत’ हेच नाव मिळालं आहे. शंभर ग्रॅम पांढरा, सडलेला तांदूळ घेतला, तर त्यात सुमारे ७८ ग्रॅम पिष्टमय पदार्थ असतात, सात ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात आणि स्निग्धांश अर्धा ग्रॅम. उष्मांक, म्हणजे आपण ज्याला कॅलरी म्हणतो ते, ३४५च्या आसपास. हे सगळं कच्च्या तांदळाचं झालं. शिजवल्यावर तांदूळ पाणी पिऊन जवळजवळ तिप्पट वजनाचा होतो. त्यामुळे ‘एक वाटी तांदूळ’ आणि ‘एक वाटी भात’ यांत पुष्कळ फरक आहे, हे लक्षात ठेवायचं.

आता तूरडाळ. ती कोकणात फारशी पिकत नाही. ती येते घाटावरून, मराठवाड्यातून आणि विदर्भातून. रेल्वे होण्यापूर्वी बोरघाट उतरून आलेला घाटावरचा माल पनवेलच्या बंदरातूनच होड्यांनी मुंबईकडे जाई. कोकणचा तांदूळ आणि घाटावरची डाळ यांची गाठ पडायला आमच्या गावासारखं दुसरं ठिकाण नाही, असं मी गमतीनं म्हणते. तर शंभर ग्रॅम तूरडाळीत प्रथिनं असतात सुमारे २२ ग्रॅम, म्हणजे तांदळाच्या तिप्पट. पिष्टमय पदार्थ ५७ ग्रॅम, उष्मांक ३३५. शिवाय तंतुमय भाग, फोलेट हे जीवनसत्त्व आणि तांदळापेक्षा कितीतरी जास्त लोह.

पण या दोघांची जोडी जमते ती केवळ आकड्यांमुळे नाही. प्रथिन म्हणजे एक माळ आहे असं समजा. तिचे मणी म्हणजे अमिनो आम्लं. यांतले काही मणी आपलं शरीर स्वतः घडवू शकत नाही. ते अन्नातूनच यावे लागतात. तांदळाच्या प्रथिनात लायसिन नावाचा मणी कमी पडतो. डाळीत तो भरपूर असतो. उलट डाळीत मिथिओनिन नावाचा मणी कमी असतो आणि तांदळात तो पुरेसा असतो. एकाची उणीव दुसरा भरून काढतो. आपल्या पूर्वजांना लायसिन ठाऊक नव्हतं, पण पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवानं त्यांनी धान्य आणि डाळ एका ताटात आणली. खिचडी घ्या, इडली घ्या, पुरणपोळी घ्या, सगळीकडे हीच जोडी.

आणखी एका बाबतीत वरण भाताला सावरून घेतं. त्यासाठी थोडा इतिहास बघावा लागेल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटावर आइकमन नावाचे एक डच डॉक्टर बेरीबेरी या रोगाचा अभ्यास करत होते. या रोगात पायांतली शक्ती जाते, हृदय दुबळं होतं. त्यांना दिसलं, की कोंडा काढून पांढरा केलेला तांदूळ खाणाऱ्या कोंबड्या तशाच लुळ्या पडतात आणि कोंड्यासकट तांदूळ दिला की सुधारतात. कोंड्याबरोबर जे निघून जात होतं, ते पुढे ब-१ जीवनसत्त्व म्हणून ओळखलं गेलं. आइकमन यांना १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळालं. आपल्याकडेही १९१८ साली रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी दक्षिणेत कुन्नूरला याच बेरीबेरीच्या चौकशीसाठी एक छोटी प्रयोगशाळा सुरू केली. तीच पुढे वाढली, १९५८ साली हैदराबादला गेली आणि आज राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते. भारतीय अन्नपदार्थांत काय किती आहे, याचे तक्ते आपल्याला याच संस्थेनं दिले. म्हणजे या संस्थेचा जन्मच मुळी पांढऱ्या तांदळामुळे होणाऱ्या रोगाच्या शोधातून झाला. गिरणीत तांदूळ जितका शुभ्र होतो, तितकं त्यातलं ब-१ कमी होतं. तूरडाळीत ते सडलेल्या तांदळाच्या कितीतरी पट असतं. गिरणीनं नेलेलं थोडंफार वरण परत आणून देतं.

आता हे सगळं एका ताटात मांडू. समजा, एका माणसासाठी ६० ग्रॅम तांदूळ घेतला. त्याचा साधारण दीड वाटी भात होईल. २० ग्रॅम तूरडाळ घेऊन घट्टसर वरण केलं. वर एक लहान चमचा, म्हणजे पाच ग्रॅम तूप घातलं. या ताटात सुमारे ३२० उष्मांक आणि साडेआठ ते नऊ ग्रॅम प्रथिनं येतात. पिष्टमय पदार्थ ५८ ग्रॅमच्या आसपास. तांदूळ तीन भाग, डाळ एक भाग. हे तीनास एक प्रमाण मी मनानं सांगत नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ साली भारतीयांसाठी आहाराची जी मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली, त्यांत प्रौढ माणसाला दिवसाला २५० ग्रॅम धान्यं आणि ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं असा हिशेब आहे. तोही जवळजवळ तीनास एकच पडतो.

आता दुसरं ताट बघू. हे आपल्यापैकी पुष्कळांच्या घरातलं खरं ताट आहे. भाताचा चांगला डोंगर, शंभर ग्रॅम तांदळाचा. आणि त्यावर पातळ वरण, ज्यात माणशी जेमतेम १० ग्रॅम डाळ असते. तूप तेवढंच. या ताटात प्रथिनं येतात नऊ ग्रॅम. म्हणजे पहिल्या ताटाइतकीच! पण उष्मांक मात्र शंभरानं वाढतात आणि पिष्टमय पदार्थ ५८चे ८४ ग्रॅम होतात. तीच प्रथिनं मिळवायला आपण शंभर उष्मांक जास्तीचे मोजतो. शिवाय डाळीचा भाग कमी झाल्यामुळे लायसिन आणि तंतूही घटतात. दोन्ही ताटांना आपण ‘वरणभात’ हेच म्हणतो. पण शरीराच्या दृष्टीनं हे दोन वेगळे पदार्थ आहेत. पूर्णान्न म्हणणारा पहिल्या ताटाबद्दल बोलत असतो आणि साखर म्हणणारा दुसऱ्या ताटाबद्दल.

हा फरक नुसता कागदावरचा नाही. आमच्या भागातले एक काका माझ्याकडे आले होते. वय पासष्टीच्या पुढचं, नुकताच मधुमेह निघालेला. १९७० नंतर नवी मुंबईसाठी पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या भातजमिनी संपादित झाल्या, त्यांत त्यांच्या घराचीही शेतं गेली. त्यांना कुणीतरी बजावलं होतं, भात पूर्ण बंद. ते माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, ‘बाय, भात सोरला तं जेवाचा काय?’ मला त्या प्रश्नातलं दुःख कळलं. ज्याच्या घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या भातच पिकवला, त्याला एका वाक्यात भात सोडायला सांगणं म्हणजे त्याला घरातून उठवण्यासारखंच आहे. आणि असं पथ्य टिकतही नाही. माणूस पंधरा दिवस भात सोडतो, सोळाव्या दिवशी दुप्पट खातो.

मी त्यांना विचारलं, ‘काका, लावणीच्या दिवसांत तुम्ही किती भात खात होता?’ त्यांनी दोन्ही हातांनी ढीग दाखवला. ‘आणि आता?’ ढीग तेवढाच होता! चिखलात दिवसभर वाकून लावणी करणाऱ्याला तो भात लागत होता आणि तो जिरतही होता. शेत गेलं, कष्ट गेले, पण ताटातला भात तसाच राहिला. आणि सोबतचं वरण पूर्वीसारखंच पातळ. आम्ही मिळून एवढंच केलं, की भात निम्म्यावर आणला, वरण घट्ट आणि दुप्पट केलं, आणि जेवणाची सुरुवात भाजीनं करायची असं ठरवलं. डॉक्टरांची औषधं अर्थातच चालू होती आणि ती चालूच ठेवायची असतात. साखर किती उतरली ते त्यांच्या डॉक्टरांनी बघितलं. मला समाधान याचं, की काकांनी पथ्य टिकवलं, कारण त्यांच्या ताटातून भात गेला नव्हता.

हा प्रश्न एकट्या काकांचा नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि त्याहून जास्त लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. पनवेलसारख्या गावाचं शहर होताना चालणं, वाकणं, ओझी उचलणं झपाट्यानं कमी झालं. अशा वेळी भातावर राग काढण्यापेक्षा भात आणि वरण यांचं प्रमाण बदलणं जास्त सोपं आहे आणि जास्त टिकणारंही. नुसत्या भातातली साखर रक्तात लवकर उतरते. त्याच्याबरोबर डाळ, थोडं तूप आणि भाजी असली, की पोटातलं अन्न सावकाश पुढे सरकतं आणि साखर तितक्या झपाट्यानं चढत नाही.

आता ताटाच्या दुसऱ्या टोकाला जाऊ, बाळाकडे. सहा महिने पूर्ण झाले, की आईच्या दुधाबरोबर बाळाला वरचं अन्न सुरू करायचं असतं. आपल्याकडे हौसेनं उष्टावण होतं, आणि दुसऱ्या दिवसापासून पुष्कळ घरांत सुरू होतं डाळीचं पाणी. वरण शिजवायचं, ते स्थिर होऊ द्यायचं, आणि वरचं निवळ पाणी वाटीत काढून बाळाला पाजायचं. घट्ट डाळ बाळाला जड जाईल, अशी भीती असते. त्यामागे माया असते, यात शंका नाही. पण त्या पिवळ्या पाण्यात असतं काय? बहुतेक पाणीच. डाळीचा पौष्टिक भाग तळाशी राहिलेला असतो आणि तो मोठ्यांच्या ताटात जातो!

बाळाचं पोट केवढंसं असतं. एका वेळी त्यात वाटी-दीड वाटीच्या वर मावत नाही. ती जागा पाण्यानं भरली, की बाळ पोट भरल्यासारखं शांत होतं, पण त्याला मिळत काहीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला आईच्या दुधाखेरीज दिवसाला सुमारे २०० उष्मांक वरच्या अन्नातून मिळायला हवेत. ३० ग्रॅम तांदूळ, १० ग्रॅम डाळ यांचा मऊ शिजवून कुस्करलेला वरणभात आणि त्यात एक लहान चमचा तूप, एवढ्यात १८० उष्मांक होतात. दिवसातून दोन-तीन वेळा मिळून हे सहज खाऊन होतं. तेवढेच उष्मांक डाळीच्या पाण्यातून मिळवायचे तर बाळाला भांडंभर पाणी पाजावं लागेल.

बाळाचं अन्न किती दाट असावं, याची खूण अगदी सोपी आहे. चमचा तिरका केला तरी घास चमच्यावर टिकला पाहिजे, पाण्यासारखा ओघळता कामा नये. वर्षाच्या आतल्या बाळाच्या वरणभातात मीठ-साखर घालायची नाही. तूप मात्र घालायचं. लहान पोटात कमी जागेत जास्त शक्ती द्यायची असते आणि ते काम तूप करतं. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या शंभरातल्या ३५ मुलांची उंची वयाच्या मानानं खुंटलेली आढळली. याची कारणं पुष्कळ आहेत. गरिबी आहे, आजारपणं आहेत, अस्वच्छ पाणी आहे. पण ज्या घरात डाळ शिजते आहे, त्या घरात तरी ती बाळापर्यंत पोचावी, एवढं तर आपल्या हातात आहे.

एक तरुण आई मला म्हणाली होती, ‘मॅडम, सासूबाई म्हणतात डाळ बाधेल.’ मी तिला सांगितलं, सासूबाईंनाच घेऊन या. त्या आल्या. मी त्यांना एवढंच म्हटलं, ‘आजी, डाळ बाधू नये म्हणून आपण काय काय करतो, ते तुम्हालाच जास्त माहीत आहे. ती भिजवा, मऊ शिजवा, घोटा, पण पाणी काढून देऊ नका, डाळच द्या.’ त्यांना ते पटलं. कारण त्यात त्यांचा अनुभव मोडीत निघत नव्हता.

आणि खरोखरच डाळ पचावी म्हणून आपल्या स्वयंपाकघरात केल्या जाणाऱ्या गोष्टींना चांगला आधार आहे. डाळीत काही विशिष्ट शर्करा असतात. त्या आपल्या लहान आतड्यात पचत नाहीत. पुढे मोठ्या आतड्यात जिवाणू त्या आंबवतात आणि त्यामुळे पोटात वायू धरतो. डाळ तासभर भिजवून ते पाणी टाकलं, तर यांतला काही भाग निघून जातो. लोहाला अडवून ठेवणारी फायटेटं नावाची द्रव्यंही भिजवल्यानं थोडी कमी होतात. कच्च्या डाळीत प्रथिनांच्या पचनात अडथळा आणणारे घटक असतात, ते चांगल्या शिजवण्यानं निकामी होतात. म्हणून कुकरमध्ये डाळ गळेपर्यंत शिजली पाहिजे. हिंगाची चिमूट आपण परंपरेनं वायूसाठी घालतो. हळदीनं रंग आणि स्वाद येतो. पण वरणातल्या चिमूटभर हळदीकडून औषधाची अपेक्षा करू नये.

तांदळाच्या बाबतीत उलटी काळजी घ्यायची. ब-१ जीवनसत्त्व पाण्यात विरघळतं. तांदूळ पाच-सहा वेळा खळखळून धुतला, तर जे थोडं उरलेलं असतं तेही मोरीत जातं. दोनदा हलक्या हातानं धुतला की पुरे. पूर्वी कोकणात भात वेळून पेज काढत, पण ती पेज फेकून देत नसत. मीठ घालून ती पीत. त्यामुळे पाण्यात उतरलेलं पोटात जाई. आज आपण वेळलेल्या भाताची पेज ओतून देतो, ते मात्र नुकसानीचं आहे. तळकोकणातला उकडा तांदूळ या दृष्टीनं शहाणपणाचा. साळीसकट उकडल्यामुळे कोंड्यातलं ब-१ दाण्याच्या आत शिरतं आणि नंतर सडलं तरी बरंचसं टिकून राहतं.

लिंबाचं काय? लिंबातलं क जीवनसत्त्व डाळीतलं लोह शरीरात शोषलं जायला मदत करतं. उष्णतेनं ते नष्ट होतं, म्हणून लिंबू उकळत्या वरणात न पिळता ताटात पिळायची आपली पद्धत अगदी योग्य आहे. मात्र दोन थेंबांनी भागत नाही. अर्धं लिंबू तरी पिळावं आणि सोबत कोशिंबीर असावी. जेवण झाल्या झाल्या चहा घेऊ नये. चहातली द्रव्यं लोहाला अडवतात आणि मग लिंबानं केलेली मदत वाया जाते.

आता वरणभाताची दुसरी बाजू सांगते, म्हणजे पूर्णान्न म्हणणाऱ्यांनाही न्याय होईल. घट्ट वरणाच्या त्या चांगल्या ताटातसुद्धा लोह भरतं ते एक-सव्वा मिलिग्रॅम. तरुण स्त्रीची दिवसाची शिफारस आहे २९ मिलिग्रॅम! आपल्या राज्यातल्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयानं ग्रासलेल्या आहेत, हे लक्षात घेतलं तर नुसत्या वरणभातावर विसंबून चालणार नाही. कॅल्शियम त्यात नगण्य आहे. अ जीवनसत्त्व तुपातून येतं तेवढंच, म्हणजे थोडंसं. ब-१२ तर धान्यात आणि डाळीत नसतंच. प्रथिनांचंही तसंच. ६० किलो वजनाच्या माणसाला दिवसाला सुमारे ५० ग्रॅम प्रथिनं लागतात. दोन्ही वेळा वरणभात जेवलं तरी त्यातून १७-१८ ग्रॅमच मिळतात. उरलेली कुठून आणायची?

म्हणून वरणभाताला सोबती हवेत. ताक किंवा दह्याची वाटी घेतली की कॅल्शियम आणि ब-१२ची थोडी सोय होते. अळू, माठ, शेवग्याचा पाला अशी एखादी पालेभाजी हवी. आमच्या भागात भात कापल्यावर जमिनीतल्या ओलीवर वाल घेतात. त्या वालाचं बिरडं आठवड्यातून दोनदा करावं. सामिष खाणाऱ्यांनी सुकटीची चटणी किंवा एखादं अंडं वरणभाताबरोबर घ्यावं. सुकट ही प्रथिनं आणि कॅल्शियम यांची खाणच आहे. फक्त तिच्यातलं मीठ रक्तदाबवाल्यांनी लक्षात ठेवावं.

एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांना तर मला हे मुद्दाम सांगायचं आहे. मुलं परगावी आहेत, दात त्रास देतात, भाजी चिरायचा कंटाळा येतो, मग दोन्ही वेळेला पातळ वरण आणि मऊ भात. पोट भरतं, समाधानही होतं. पण वयाबरोबर स्नायू झिजत असतात आणि त्यांना प्रथिनं हवी असतात. वरण घट्ट केलं, त्यातच मूठभर पालक किंवा किसलेला दुधी शिजवला, आणि शेवटी दहीभाताचे चार घास घेतले, तर फारसं चावावं न लागता ताट सुधारतं. ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यांनी मात्र डाळीचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

पातळ अन्नाला आपल्या परंपरेत जागा नाही का? जरूर आहे. पनवेलचं नाव १८७२ पासून चालत आलेल्या धूतपापेश्वरच्या आयुर्वेदिक औषधांमुळे घरोघरी पोचलं, तेव्हा आयुर्वेदाचा दाखला इथे शोभेल. शोधन उपचारांनंतर रोग्याला जेवणावर कसं आणायचं, याचा आयुर्वेदात एक क्रम सांगितला आहे. आधी पातळ पेया, मग दाट विलेपी, मग डाळीचं कढण, आणि अशा पायऱ्या चढत नेहमीचं जेवण. म्हणजे पातळ अन्न ही आजारातून उठतानाची पहिली पायरी आहे. आपण मात्र बरे झाल्यावरही, वर्षानुवर्षं त्याच पायरीवर बसून राहतो.

याचं एक कारण पैशाचंही आहे, ते नाकारून चालणार नाही. पाहुणे वाढले की वरणात पाणी वाढतं, असं आपण हसत म्हणतो. २०१५ साली तूरडाळ किलोला दोनशे रुपयांच्या घरात गेली, तेव्हा पाहुणे न येताच घरोघरी वरणात पाणी वाढलं. डाळ महाग असते तेव्हा तुरीचा हट्ट सोडावा. मसूर, मूग, वाल, चवळी, यांतलं जे स्वस्त असेल ते घ्यावं. प्रथिनांच्या दृष्टीनं ही सगळी भावंडंच आहेत.

आपल्या घरी काय परिस्थिती आहे, हे बघायचं असेल तर एक सोपी परीक्षा सांगते. त्यासाठी रक्त तपासावं लागत नाही. महिन्याच्या वाणसामानाची यादी काढा. तांदूळ, गहू, ज्वारी, बाजरी यांचे किलो एका बाजूला लिहा, सगळ्या डाळी आणि कडधान्यं यांचे दुसऱ्या बाजूला. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबानं चार प्रौढ माणसांच्या घरात महिन्याला ३० किलो धान्यं असतील, तर डाळी-कडधान्यं १० किलो हवीत. मासे, अंडी खात असाल तर थोडी कमी चालतील. बहुतेक याद्यांमध्ये मला हा दुसरा आकडा तीन-चार किलोंच्या पुढे गेलेला दिसत नाही. एकदम दहावर जाऊ नका. या महिन्यात एक किलो वाढवा आणि तेवढा तांदूळ कमी करा.

आणि रोजच्या स्वयंपाकात एवढंच लक्षात ठेवा. ज्या वाटीनं तांदूळ मोजता, त्याच वाटीनं डाळ मोजा. तीन वाट्या तांदळाला एक वाटी डाळ. ताटात वाढलेलं वरण भातावर राहिलं पाहिजे, भाताच्या कडेनं पळून ताटभर पसरता कामा नये. पळालं, तर समजा पाणी जास्त झालं, आणि उद्या डाळीचं माप थोडं वाढवा.